केयाच्या गाडीचे चार खिळे

ऊद मेथा, दुबई
१२ एप्रिल

अहो,

ईमेल बघून घाबरू नका, सगळे खुशाल आहेत. इथून व्हॉट्सॲपवर फोन लागत नाही, आणि मैथिलीने सांगितलेलं दुसरं ॲप तुम्ही "ते माझे फोटो बघायची परवानगी मागतंय" म्हणून उडवून टाकलंत. भोगा आता. केयाच्या जुन्या टॅबवर एका बोटाने लिहितेय, शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका.

लेक बघतेच, पण निखिलही जावयासारखा नाही, मुलासारखा बघतो. मैथिली तर म्हणतेय, व्हिसा वाढवून घेऊ, गणपतीपर्यंत राहा. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

नात मात्र हाताला लागत नाही. मी झोपते तिच्याच खोलीत, पण तिच्या कानात ते गाण्याचं बोंडुक सतत खुपसलेलं. मी विचारलं, शाळेत काय झालं, तर "नथिंग आजी." डब्यात काय हवं, तर "एनीथिंग आजी." अकरा वर्षांची पोर आणि बोलणं बँकेच्या मॅनेजरसारखं. लहानपणी माझ्या पदराला धरून फिरायची, ती हीच का, असं वाटतं.

पण काल एक झालं. इथल्या आपल्या मंडळात महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात मुलांच्या लाकडी गाड्यांची शर्यत आहे. प्रत्येकाला सारखंच सामान देतात: लाकडाचा एक ठोकळा, चार चाकं आणि चार खिळे. त्या खिळ्यांवर चाकं फिरतात, म्हणून खिळ्यांना एक्सल म्हणायचं. इंजिन वगैरे काही नाही, उतारावरून गाडी सोडायची, ज्याची आधी पोचेल तो जिंकला. केया ते खिळे पॉलिश पेपरने घासत बसली होती. खिळा जितका गुळगुळीत तितकी गाडी पळते म्हणे. मला म्हणाली, "आजी, कॅन यू होल्ड धिस?" मी पक्कडीत खिळा धरून तासभर बसले. मान आखडली, पण तासभर पोर माझ्याशी बोलली. सगळं खिळ्यांबद्दलच, पण बोलली.

तुम्ही जेवता ना वेळेवर? फ्रीजवर चिकटवलेल्या सूचना वाचा.

शोभना

*

नाशिक
१५ एप्रिल

सौ. शोभना,

ईमेल पोचला. मी अत्यंत मजेत आहे. रोज साग्रसंगीत जेवण होतं. घर लखलखीत आहे. तेव्हा माझी काळजी करू नये.

खिळे घासण्याबद्दल वाचून करमणूक झाली. दुबईसारख्या शहरात, जिथे म्हणे पोलिसांकडेही शर्यतीच्या गाड्या असतात, तिथे आपली नात खिळे घासते आणि तू पक्कड धरून बसतेस! मुलांना अभ्यास नाही का? आमच्या वेळी खिळा भिंतीत ठोकत असत आणि त्यावर कॅलेंडर लावत असत. असो.

गणपतीपर्यंत राहायचं म्हणतेस तर राहा. माझं इथे काही अडत नाही. वीज मंडळात तीस वर्षं बिलांचं खातं सांभाळलं, त्यापुढे एक घर सांभाळणं म्हणजे काही विशेष नव्हे.

तू कुठे काय ठेवलं आहेस याची मात्र एक यादी पाठव. विशेषतः चहाची गाळणी.

सूर्यकांत

*

ऊद मेथा
२२ एप्रिल

अहो मजेतले,

गाळणी जिथे चाळीस वर्षं आहे तिथेच आहे, ओट्यावरच्या खिळ्याला. नाकासमोर.

तुमच्या साग्रसंगीत जेवणाबद्दल शेजारच्या कुंदावहिनींनी मला सविस्तर कळवलंय. तुम्ही शिट्टी न लावता कुकर ठेवलात आणि वरण छताला गेलं. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलंत आणि त्यांच्याकडे संध्याकाळपर्यंत मालिका बघत बसलात. आणि दोन्ही वेळेला पोहे खाता. वहिनी म्हणाल्या, "भावजी सांगू नका म्हणालेत, म्हणून तुम्हाला सांगतेय."

आता माझं ऐका. आमचं खिळ्यांचं काम जोरात आहे. खिळ्याच्या डोक्याखाली बारीक कंगोरे असतात, ते आधी कानशीने काढायचे. मग निखिलच्या ड्रिल मशीनमध्ये खिळा फिरवत ठेवायचा आणि त्यावर पॉलिश पेपरची पट्टी ओली करून धरायची, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. केयाला घेऊन शारजाच्या रोल्ला बाजारात गेले होते, तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात एवढे बारीक पेपर मिळाले की हाताला लागतच नाहीत. दुकानदार म्हणाला, "अम्मा, इससे तो शीशा साफ होता है." केयाने मान डोलावली, खूश होती. बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपली.

आणि मग परवा मैथिलीने तोंड पाडून सांगितलं. केयाने निखिलशी पैज लावलीय. गाडी पहिल्या तिनात आली, तर खोली तिची एकटीची. म्हणजे माझी गादी हॉलमध्ये, सोफ्याच्या कडेला. नाही आली, तर मी आहे तिथेच. कारण विचारलं, तर "आजी स्नोअर्स." मी घोरते! तुम्ही चाळीस वर्षांत कधी बोलला नाहीत.

म्हणजे बघा, मी माझीच उचलबांगडी करायला रोज पक्कड धरून बसतेय. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून थोडं रडले. पण दुसऱ्या दिवशी केया म्हणाली, "आजी, यल्ला, एक्सल्स," (यल्ला म्हणजे इथलं 'चल') आणि मी गेले. जाऊन बसले नाही तर ती परत कानात बोंडुक घालेल.

मी मनाशी ठरवलंय. पोर जिंकली तर मी हॉलमध्ये सगळ्यांच्या पायात झोपणार नाही, सरळ नाशिकला येईन. हरली तर गणपतीपर्यंत राहीन. काय ते खिळ्यांनी ठरवावं.

शोभना

*

नाशिक
२३ एप्रिल, सकाळी

प्रिय शोभना,

ईमेल काल संध्याकाळी वाचला. केयाने ही शर्यत जिंकलीच पाहिजे.

मुलांच्या जिद्दीला मोठ्यांनी खतपाणी घालावं, या मताचा मी पहिल्यापासून आहे. काल रात्री मी या विषयावर पुष्कळ वाचन केलं, अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओही पाहिले. तुमच्या पद्धतीत गंभीर त्रुटी आहेत. एक तर पॉलिश पेपर एकाच दिशेने फिरवू नये. बारीक पेपर झाल्यावर शेवटी मऊ फडक्यावर पॉलिशची पेस्ट घेऊन खिळा चकाकेपर्यंत घासावा, त्यात स्वतःचं नाक दिसलं पाहिजे. खिळा वाकडा नाही ना, हे आरशावर लोळवून बघावं. माझा जुना पांढरा बनियन तू नेलेल्या बॅगेत बांगड्यांना गुंडाळलेला आहे, तो फडकं म्हणून उत्तम.

सर्वात महत्त्वाचं, तेल. व्हिडिओतले लोक पेन्सिलीच्या शिशाची कोरडी पूड टाकतात. हा शुद्ध अडाणीपणा आहे. जिथे लोखंड फिरतं तिथे तेल लागतंच. तुझं शिलाई मशीन मी चाळीस वर्षं तेलावर चालवलं, कधी कुरकुरलं का? मशीनचं तेल मिळालं नाही तर घरातलं कोणतंही शुद्ध तेल चालेल. थेंबभरच. जावईबापूंना सांगू नये, ते इंजिनिअर आहेत, वाद घालतील.

खिळ्यांचे फोटो जवळून पाठव.

घोरण्याबद्दल: मला कधी त्रास झाला नाही. उलट हल्ली घरात फार शांत असतं.

सूर्यकांत

*

ऊद मेथा
३ मे

अहो,

तुमचे एकूण सात ईमेल आले. खिळ्याच्या फोटोवर तुम्ही लाल गोल काढून परत पाठवलात, तो केयाने तिच्या वर्गात दाखवला. "माय आजोबा इज सो इंटेन्स," म्हणे.

तुमचा बनियन फाडला. चारही खिळे असे झालेत की देव्हाऱ्यात ठेवावेत. निखिलचं तोंड मात्र फुगलंय, कारण केया त्याला हात लावू देत नाही. "डॅडी, इट्स मी अँड आजी." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तरी तो खरा चिडलाय तो वेगळ्याच कारणाने. त्याच्या ऑफिसातले अनिल, त्यांचा तनिष पण शर्यतीत आहे, आणि या अनिलरावांनी मुलाचे खिळे मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये मशीनवर करून आणलेत म्हणे. अबुधाबीपर्यंत गेले चार खिळ्यांसाठी! निखिल दोन दिवस ऑफिसात त्यांच्याशी बोलला नाही. मुलांची शर्यत म्हणतात याला.

काल इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मुलांचा सराव होता, अनिलरावही तनिषला घेऊन आले होते. बाहेर अंगाची लाही होते आणि खाली तर भट्टीच. केया पाणी आणायला वर गेली तेव्हा मी तुमच्या आज्ञेप्रमाणे गुपचूप काडीने प्रत्येक खिळ्याला थेंबभर तेल लावलं. मशीनचं नव्हतं, मी केसांना आणलेलं खोबरेल लावलं, घाण्याचं आहे, एकदम शुद्ध. आणि काय सांगू, गाडी अशी सुटली की तनिषची पार मागे. केया माझ्या गळ्यात पडली. अनिलरावांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

म्हणजे जिंकणार बहुतेक. महाराष्ट्र दिन होऊन गेला, पण मंडळाला हॉल या शनिवारचाच मिळालाय, शर्यत तिथे.

तुमच्या सात ईमेलांत खिळ्यांबद्दल सगळं आलं. आणखी काही लिहायचं राहिलं असेल तर लिहा. मी वाट बघते.

शोभना

*

नाशिक
५ मे

प्रिय शोभना,

वाचून अतिशय आनंद झाला. खोबरेल चालेल. मी म्हटलंच होतं.

लिहायचं राहिलंय असं विचारलंस, त्यावर मी दोन दिवस विचार केला. होय, एक गोष्ट राहिली आहे. पुढच्या दोन चाकांपैकी एक जमिनीपासून किंचित वर उचललेलं ठेवावं, म्हणजे गाडी तीनच चाकांवर पळते आणि घर्षण कमी होतं.

बाकी काही नाही.

सूर्यकांत

*

ऊद मेथा
१० मे

अहो,

हरलो.

सांगते. हॉलमध्ये एसी इतका की नऊवारी नेसून लेझीम खेळणाऱ्या बायकांनी वरून मुलांची जॅकेटं घातली होती. गाड्या तपासून एका टेबलावर ठेवून घेतल्या, म्हणजे मग कोणी हात लावायचा नाही. ते टेबल नेमकं एसीच्या झोताखाली. अध्यक्षांचं भाषण झालं, पोवाडा झाला, मग आणखी एकाचं भाषण. तोवर गाड्या तिथे गारठत पडल्या.

शर्यत सुरू झाली. केयाची गाडी उतार कशीबशी उतरली आणि सपाटीवर येऊन उभी राहिली. नुसती उभी. बाकीच्या पुढे गेल्या, तनिषची पहिली आली. निवेदक म्हणाला, "एक गाडी विश्रांती घेते आहे," आणि सगळा हॉल हसला. केयाने गाडी उचलली, चाक फिरवलं, फिरेना. खिळ्याभोवती पांढरं पांढरं जमलं होतं.

तुम्हाला कळलं असेल. नाशिकला जानेवारीत आपली खोबरेलाची बाटली दगड होते आणि तुम्ही रोज सकाळी ती उन्हात नेऊन ठेवता. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी पण अशी कशी बावळट!

निखिल अनिलरावांकडे संशयाने बघायला लागला, म्हणून मग मला गप्प बसवेना. सगळ्यांसमोर सांगितलं, मी तेल लावलं. केयाने ते पांढरं नखाने खरवडून वास घेतला. मग म्हणाली, "यू पुट हेअर ऑइल ऑन माय एक्सल्स?" आणि मग हळू आवाजात, "यू डिडन्ट वॉन्ट मी टू विन. यू वॉन्टेड द रूम."

मी तिला सांगितलं, तसं नाही ग, पण माझंच मला सांगता येईना. मला ती जिंकायला हवी होती की नको होती? जिंकली असती तर मला इथून जावं लागलं असतं. देवाशपथ, तेल मी गाडी पळावी म्हणूनच लावलं. पण पोरीला ते पटत नाही.

निखिल म्हणाला, जाऊ दे, खोली तुला दिली. तर ही म्हणते, "नो. आय लॉस्ट." खलास. आता मी खोलीत आहे, ती खोलीत आहे, आणि आमच्यात एक शब्द नाही. ठरल्याप्रमाणे गणपतीपर्यंत राहायचं तर असं राहायचं. मैथिली व्हिसाचं सोमवारी करणार आहे.

शोभना

*

नाशिक
११ मे

शोभना,

तुझा ईमेल वाचून आधी मलाही तीच शंका आली. लपवत नाही. वाटलं, हिला तिकडेच राहायचं होतं, म्हणून हिने मुद्दाम खोबरेल लावलं. तासभर मी रागाने फिरलो. मग कुंदावहिनी पोहे घेऊन आल्या, त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावजी, तेल लावायला सांगितलं कोणी?"

तेव्हा पुढचं केयाला वाचून दाखव. तिला कळत नसेल तर इंग्रजीत सांग.

केया, तेल लावायला आजीला मी सांगितलं. तुझ्या डॅडींना सांगू नको, हेही मीच सांगितलं. मला यंत्रातलं काही कळत नाही. मी आयुष्यभर बिलं तपासली. आजीचं शिलाई मशीनसुद्धा तीच दुरुस्त करते, मी फक्त तेल घालतो. तू हरलीस ती माझ्यामुळे. आजीला तू जिंकायला हवी होतीस की नाही, ते मला माहीत नाही. मला हवी होतीस. फार हवी होतीस, कारण तू जिंकली असतीस तर आजी घरी आली असती.

आता हे तुझ्यासाठी, शोभना. तू विचारलं होतंस, काही लिहायचं राहिलंय का. राहिलंय ते पहिल्या ईमेलपासून राहिलंय. मला इथे करमत नाही. सकाळी दोन कप चहा होतो आणि एक ओतून द्यावा लागतो. दिवसभर कोणी माझ्यावर ओरडत नाही. मी मजेत नाही.

व्हिसा वाढवू नकोस. ये.

सूर्यकांत

*

ऊद मेथा
१६ मे

अहो,

तुमचा ईमेल मी केयाला वाचून दाखवला. खालचा भागही दाखवला, तुम्ही फक्त वरचा म्हणाला होतात तरी. तिला मराठी सगळं कळतं हो, बोलायचाच कंटाळा. ऐकून म्हणाली, "व्हाय डिडन्ट ही जस्ट आस्क यू?" चाळीस वर्षांत मलाही कधी विचारायचं सुचलं नाही.

मग ती खो खो हसायला लागली. "ही रोट सेव्हन ईमेल्स अबाउट नेल्स!" मीही हसले. दोघींच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मैथिली धावत आली, काय झालं बघायला.

मी पुढच्या बुधवारी येतेय. दुपारचं विमान आहे, मुंबईला उतरून गाडीने नाशिक, इन्शाल्ला म्हणतात इथे, रात्रीपर्यंत घरी. पोहे करून ठेवू नका.

खोली आता केयाची झाली. मला वाटलं, उड्या मारेल. तर काल संध्याकाळी निखिलला हॉलमध्ये बसवून तिने नवीन पैज लावली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. पुढच्या वर्षी तिची गाडी पहिल्या तिनात आली, तर आजी आणि आजोबा दोघांनी इथे यायचं आणि पूर्ण सुट्टीभर राहायचं, तिच्या खोलीत, आणि घोरण्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही. निखिल म्हणाला, "अगं, शर्यतीला अजून वर्ष आहे."

तेव्हा तुमचा पासपोर्ट कुठे आहे ते शोधून ठेवा. हयगय करू नका. आज सुट्टी आहे, आणि पोर सकाळपासून खिळे घासत बसलीय, अजून दूधसुद्धा प्यायली नाही.

शोभना